तावदाने बदलण्यापूर्वी

आलापल्लीच्या अरण्यातील ज्या सागवानाची २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी रवानगी झाली, त्याच सागवानाच्या आपल्या घरच्या जुन्या खिडक्या मोडीत काढून चंद्रपूर-गडचिरोलीकडील गृहस्थ ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवू लागतो, तेव्हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

ॲल्युमिनियम हे लाकडाहून सुमारे हजारपट उष्णतावाहक असले, तरी खरा दाह येतो तो काचेतून. कारण सूर्यप्रकाश तीतून सहज आत शिरतो, परंतु तापलेल्या भिंती व फरशी जे अवरक्त किरण उत्सर्जित करतात, त्यांना ती बाहेर जाऊ देत नाही. दुहेरी काचेतील स्थिर हवा उष्णतेचे वहन जवळजवळ निम्म्यावर आणते, पण थेट उन्हाला तिचा अटकाव अल्प. म्हणून आतील पडद्यापेक्षा बाहेरील छज्जा, झडप वा वाळ्याची ताटी अधिक गुणकारी.

मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास चंद्रपुरात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. दक्षिणेची खिडकी तेव्हा लहानशा छज्ज्यानेही सावलीत राहते, पश्चिमेची मात्र तिरप्या उन्हात होरपळते. खर्च करावयाचा तो प्रथम तेथे.

दोन सरकत्या तावदानांची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, बिजागरीची पूर्ण. आणि हिवतापाच्या या मुलुखात जाळी अपरिहार्य असून ती वारा अडविते, हेही हिशेबात धरावे. सागाच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोन हे द्रव्य वाळवीस प्रतिकूल असल्यामुळे जुनी चौकट निकोप असेल, तर ती राखून केवळ तावदाने बदलणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय.