तीर्थनचा ट्राउट : ऐकीव आणि खरं

मनालीला निघालेल्या बहुतेक गाड्या औटच्या बोगद्यातून सरळ पुढे जातात. बोगद्याच्या अलीकडे बंजारचा रस्ता फुटतो, तो तीर्थनच्या खोऱ्यात नेतो. ट्राउटसाठी गळ घेऊन येणाऱ्यांची ही आवडती नदी. पण इथे येणाऱ्यांच्या मनात ऐकीव गोष्टीही पुष्कळ असतात.

ट्राउट हा हिमालयाचाच मासा, ही त्यातली पहिली. खरं म्हणजे तपकिरी ट्राउट युरोपातला आणि इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेतला. इंग्रजांच्या काळात 1900 साली तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये रुजली आणि पुढच्या काही वर्षांत तो कुलूत पोहोचला. ज्याला स्नो ट्राउट म्हणतात, तो मासा मात्र इथला मूळचा. पण नावापलीकडे ट्राउटशी त्याचं नातं नाही, तो रोहूच्या गोतातला.

दुसरा समज असा, की पाणी थंड आहे ना, मग कधीही जा. थंडावा हवाच, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, 25 अंशांना जेमतेम 8. पण मे-जूनमध्ये उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नदी फुगून गढूळ होते. तेव्हा सकाळ साधावी. जुलै-ऑगस्टमध्ये तर पावसाचा लाल गाळच वाहतो. मार्च-एप्रिल आणि पाऊस ओसरल्यावरचा सप्टेंबर-ऑक्टोबर, हे खरे दिवस.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डोहापाशी. आपल्याकडे गरवायला बसायचं म्हणजे संथ डोह, गरीला गांडूळ आणि निवांत वाट पाहणं. इथे ते चालत नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो. तिथे पोहायला कष्ट कमी पडतात आणि खाणं आपसूक वाहत समोर येतं. ते खाणं कोणतं, हे पाहायचं तर उथळातला एक दगड उलटा करावा. खालच्या ओल्या बाजूला चपट्या, सहा पायांच्या अळ्या सरपटताना दिसतात. शेजारी वाळूचे कण चिकटवून बनवलेली बारीक नळी असते आणि तिच्या तोंडातून इवलंसं डोकं बाहेर येतं. दगड होता तसा परत ठेवावा. ट्राउटचं बरंचसं पोट या पाण्याखालच्या अळ्यांवर भरतं, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या माशीपेक्षा तळाजवळून वाहत जाणारी नकली अळी अनेकदा जास्त कामाला येते. ती प्रवाहाच्याच वेगाने जायला हवी. दोरीचा ताण बसून ती जराशी जरी ओढली गेली, तरी मासा तोंड फिरवतो.

‘बोलू नका, मासा पळेल’ हेही तितकंसं खरं नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळा परततो. मासा बिचकतो तो काठावरच्या दणदणत्या पावलांनी आणि पाण्यावर पडलेल्या सावलीने. त्याला थेट मागचं दिसत नाही, म्हणून खालच्या अंगाने, प्रवाहाच्या उलट दिशेने हळूहळू वर सरकावं.

‘पकडून सोडला, म्हणजे त्याला काहीच झालं नाही’ हा समज मला सर्वांत जास्त सलतो. कोरड्या हातांनी धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याबरोबर रोगापासूनचं संरक्षणही जातं. हात आधी ओले करावेत, काटा नसलेली गरी वापरावी आणि फोटोसाठी मासा हवेत धरून ठेवू नये.

मत्स्य विभागाचा परवाना लागतोच. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण तपकिरी ट्राउटची मादी याच सुमारास बारीक खडीत खळगा करून अंडी घालते. बंदी उठली म्हणजे पिल्लं मोकळी झाली, असंही समजू नये. पाणी 5 अंशांच्या आसपास असेल तर अंडी फुटायलाच साधारण तीन महिने लागतात आणि पुढेही काही आठवडे पिल्लं खडीतच असतात. म्हणून मार्चमध्ये नदी ओलांडताना स्वच्छ, उथळ खडीचे पट्टे टाळावेत आणि पाय मोठ्या धोंड्यांवर ठेवावा.