तगरीवरचा हिरवा पतंग

दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी परिसरात फाटकाजवळ तगरीचे झुडूप असणे ही नित्याची बाब आहे. कन्नडमध्ये ‘नंदीबट्टलु’ म्हणून ओळखली जाणारी तिची शुभ्र फुले पूजेसाठी खुडली जातात. या झुडपाची कोवळी पाने शेंड्याकडून दिसेनाशी होऊन खाली जाडसर लेंड्या पडू लागल्या, की वर ‘डॅफ्निस नेरी’ या हॉक मॉथची अळी आहे असे समजावे. लिनियसने १७५८ मध्ये दिलेले हे नाव कण्हेरीवरून आलेले असले, तरी आपल्याकडे ही अळी तगरीवरही तितक्याच आवडीने पोसते.

मादी कोवळ्या पानांवर फिकट हिरवी अंडी सुटी सुटी घालते. अंड्यातून निघालेली पिवळसर अळी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची असते. तिच्या शेपटाकडील काळे, बारीक शिंग मात्र लक्षवेधी असते. कात टाकत ती हिरवी होते आणि सुमारे आठ सेंटिमीटरपर्यंत वाढते. डोक्यामागे निळसर-पांढरे दोन मोठे ठिपके उमटतात. धक्का लागताच अळी डोके आत ओढते, पुढचा भाग फुगवते आणि ते ठिपके डोळ्यांसारखे रोखून धरते. हे सोंग पक्ष्यांना क्षणभर तरी थबकवते. कण्हेरीतील हृदयविषाचा तिला त्रास होत नाही. तिच्या मज्जातंतूंभोवतीचे आवरण ते विष आत शिरू देत नाही.

पूर्ण वाढलेली अळी अचानक तपकिरी पडते. ती रोगट झाली, असा समज चुकीचा आहे. ती आता जमिनीवर उतरून पाचोळ्यात विरळ जाळे विणते व कोषात जाते. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांनी हिरव्या-गुलाबी नक्षीचा, नऊ ते अकरा सेंटिमीटर पंखविस्ताराचा पतंग बाहेर येतो आणि तिन्हीसांजेला फुलांसमोर अधांतरी थांबून मध पितो.

तगरीला पुन्हा पालवी फुटते, त्यामुळे चार-दोन अळ्यांसाठी कीटकनाशक फवारणे समर्थनीय नाही. त्यात मधमाश्या व अंड्यांवरील परोपजीवी गांधीलमाश्याही मरतात. रोप लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झुडपावर सोडाव्यात. शहरात खरी अडचण पानांची नसून फरसबंद, रोज झाडून काढलेल्या अंगणांची आहे. तगरीच्या बुंध्याशी हातभर जागेतला पाचोळा महिनाभर न हलवल्यास कोषाला आसरा मिळतो.