देणे, पोहोचणे, लागू पडणे : घोड्याच्या खुरातील औषधयोजनेविषयी

औषधासंबंधी मराठीत 'देणे' आणि 'लागू पडणे' अशी दोन क्रियापदे नित्य योजिली जातात. पहिल्याचा कर्ता मनुष्य असतो, दुसऱ्याचा कर्ता औषध स्वतःच. 'लावणे' आणि 'लागणे' ह्या जोडीतही हाच भेद आहे. लावलेले औषध लागतेच असे नाही, हे भाषेला ठाऊक आहे. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये तिसरी एक क्रिया असते : औषधाने रोगाच्या जागी पोहोचणे. ती आपण बहुधा गृहीत धरतो. घोड्याच्या खुराच्या बाबतीत असे गृहीत धरणे का चुकीचे ठरते, ते येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यास परका नाही. श्रीगोंदे व कर्जत तालुक्यांच्या दक्षिणेस भीमा वाहते. तिच्या खोऱ्यातील काटक भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. आज ती मुख्यत्वे फिरत्या धनगर मेंढपाळांजवळ आढळतात. बिऱ्हाडाचे सामान, नवी कोकरे आणि प्रसंगी लहान मुलेही ह्याच घोड्यांच्या पाठीवरून जातात. घोड्याने एक पाय टेकण्याचे सोडले, तर सारे बिऱ्हाड अडते.

खूर ही एक बंद पेटी आहे असे समजावे. बाहेरची भिंत शिंगासारख्या निर्जीव द्रव्याची असून ती महिन्यास सुमारे ६ ते १० मिलिमीटर वाढते. तिच्या आतील बाजूस सुमारे ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात. हे पापुद्रे आतील सजीव पापुद्र्यांत गुंतलेले असतात आणि त्यांच्याच आधारावर खुरातील अस्थी तोलून धरलेली असते. येथे सूज आली तर तिला पसरण्यास जागा नाही. म्हणून वेदना तीव्र होते. भिंतीवर लावलेले औषध आत फारसे शिरत नाही. तोंडाने वा शिरेतून दिलेले औषध साऱ्या देहात वाटले जाते आणि जेथे पू साचला आहे अथवा ऊतक मृत झाले आहे, तेथे रक्ताबरोबर ते पुरेसे जात नाही. 'दिले' हे खरे. 'पोहोचले' हे खरे नव्हे.

पू तळव्याजवळ असेल तर पशुवैद्य तेथे वाट करून तो बाहेर काढतो आणि पोटिसाने जागा मऊ ठेवतो. संसर्ग खोल असेल तर निराळा उपाय योजतात. घोड्यास गुंगी देऊन खुराच्या वर पायास रबरी पट्टी घट्ट आवळतात आणि पट्टीखालच्या शिरेत अमिकासिनसारखे प्रतिजैविक सोडतात. सुमारे अर्धा तास पट्टी तशीच राहते. तेवढ्या वेळात औषध त्या भागापुरते कोंडले जाऊन आसपासच्या ऊतकांत झिरपते. मात्रा थोडी लागते, पण जागेवरील प्रमाण अनेक पटींनी वाढते.

ते खरोखर वाढले की नाही, हे पाहण्यासाठी सांध्यातील द्रव काढून त्यातील औषधाचे प्रमाण मोजतात. जंतूंची वाढ रोखण्यास जे किमान प्रमाण लागते, त्याच्या आठ ते दहा पट अमिकासिन तेथे मिळावे, अशी अपेक्षा असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्याही पुढे जाऊन खुराच्या भिंतीतून एक बारीक, सच्छिद्र नळी थेट पापुद्र्यांत बसविली आणि तेथील द्रवच तपासला. 'पोहोचणे' हे क्रियापद अशा रीतीने मोजता येण्याजोगे झाले.

माळरानावर ही साधने नसतात. तेथे निरीक्षण आणि भाषा ह्यांवरच भिस्त असते. मराठीत 'टाप' हा शब्द खुराचा वाचक आहे, तसाच खुराच्या आघाताचाही. दुखऱ्या पायाचा आघात हलका पडतो आणि घोडेवाल्याचा कान तो टिपतो. खुराची ऊब हाताला कळते. खुराच्या वर मागील बाजूस बोट ठेवले असता जोराने उडणारी नाडीही कळते. पण 'घोड्याला उष्णता झाली' असे सांगितले, तर ती प्रकृतीची उष्णता की एकाच खुराची ऊब, हे ऐकणाऱ्यास उमगत नाही. चारही खुरांना हात लावून 'पुढचा डावा तेवढा गरम आहे' असे सांगितले, तर निदानास दिशा मिळते.

सर्वांत मोठा धोका 'लागू पडले' ह्या शब्दांत आहे. वेदनाशामकाने लंगडणे एक-दोन दिवसांत कमी होते. ते वेदनेला लागू पडलेले असते, संसर्गाला नव्हे. त्या भरवशावर प्रतिजैविक मध्येच थांबविले आणि घोड्यावर पुन्हा ओझे लादले, तर आतील रोग वाढतच राहतो. म्हणून घोडेवाल्याशी बोलताना पशुवैद्याने तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : काय दिले, कोठवर पोहोचले आणि नेमके कशाला लागू पडले. पहिल्याचे उत्तर घोडेवाला देईल व तिसऱ्याचे घोड्याच्या चालीवरून अंशतः मिळेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र तपासूनच मिळवावे लागते.