वर्ग एकच, गरजा वेगळ्या

बाई फळ्याकडे तोंड करून बोलत राहिल्या, की कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा धडा तिथेच तुटतो. ओठ दिसत नाहीत. आधी लिहून, मग वर्गाकडे वळून बोललं तर बराच फरक पडतो. खर्च शून्य.

समावेशित शिक्षणाची सुरुवात अशी होते. विशेष गरजा असलेल्या मुलाला बाजूला न काढता नेहमीच्याच वर्गात त्याला जमेल अशा रीतीने शिकवायचं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही जबाबदारी सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांवर टाकली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आता त्यांत आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत.

अध्ययन अक्षमता चटकन ओळखू येत नाही. मूल तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देतं. वाचायला लावलं की ‘ब’ आणि ‘व’मध्ये अडखळतं. ‘आळशी आहे’ हा शिक्का मात्र लगेच बसतो. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत लेखनिक, तासाला २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात.

अडचण मनुष्यबळाची आहे. विशेष शिक्षकाला अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. रोजचा भार वर्गशिक्षकावरच पडतो.

पालकांनी शंका येताच तपासणी करून घ्यावी. दहावीपर्यंत थांबू नये.