पाठ दुखते, पण कशी दुखते?



पाठदुखी आपल्या वयात नवी नाही. पण आपली एक वेगळीच अडचण आहे. आपण दुखणे मराठीत भोगतो आणि सांगावे लागते हिब्रूत. मी बरीच वर्षे कुपात होलीमच्या दवाखान्यात नर्स होते. आजी सांगायची, "उसण भरली, कळ पोटरीपर्यंत जाते, पायाला मुंग्या येतात," आणि सोबतचा नातू डॉक्टरांना एवढेच म्हणायचा, "कोएव ला हागाव." म्हणजे तिची पाठ दुखते. कामाची माहिती तिथेच राहून जायची. म्हणून आधी आपले शब्द नीट पाहू.

उसण : वाकताना, काही उचलताना कंबर एकाएकी धरते. हे बहुधा स्नायूंचे दुखणे असते व काही आठवड्यांत ओसरते. मात्र अंथरूण धरून बसू नये. पडून राहिल्याने स्नायू आणखी ढिले होतात. घरातल्या घरात चालत राहावे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे शेकावे. मधुमेहामुळे चटका कळत नसेल तर जपून.

कळ : कमरेतून मांडीमागून पायात उतरते, खोकल्यावर वाढते. मणक्याजवळची नस दाबली गेल्याची ही खूण असू शकते.

मुंग्या : हिब्रूत यांना 'निमूल' म्हणतात, आणि मुंगीला 'नेमाला'. म्हणजे दोन्ही भाषांनी मुंगीच पाहिली! चालताना पाय जड होतात, मुंग्या येतात, पण बसल्यावर किंवा बाजाराची अगाला पुढे वाकून ढकलताना बरे वाटते, असे असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. कण्यातली पोकळी अरुंद झाली असेल, तर नेमके असेच होते.

ठणका : किरकोळ पडल्यावर किंवा बादली उचलल्यावर एकाच जागी जबर दुखू लागले, तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. उंची कमी झाली असेल तर तेही सांगा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरीच एका कागदावर हिब्रूत लिहवून घ्या : कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेभोवती बधिर वाटू लागले किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी इस्पितळाच्या मियूनमध्ये जा. गरज पडली तर 101 ला फोन करा. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. नातवासमोर हे बोलायला लाज वाटते, हे मी जाणते. मग नर्सला बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री पडल्यावरही दुखणे थांबत नसेल किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तरीही डॉक्टरांना लवकर दाखवा.

शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा होते, रक्तदाब वाढतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर धोका आणखी मोठा.

रोज करण्यासारखे थोडेच आहे. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने बसा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून सावकाश उठा-बसा, जमेल तितक्या वेळा. प्रार्थनेत फार वेळ उभे राहवत नसेल, तर बसण्यात कमीपणा नाही. आणि पेसाहची सफाई एका दिवसात उरकू नका. स्पाँजाला लांब दांडा घ्या, बादली अर्धीच भरा, आणि गालिचा उचलायला मुलांना हाक मारा.