सेंद्रिय भाजी : ताटात नेमकं काय जास्त येतं?



दोह्यातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात भाजीच्या फळ्यांपुढे उभे राहा. एका बाजूला साधा पालक, दुसऱ्या बाजूला हिरव्या पट्टीचा 'ऑरगॅनिक' पालक. दोन्ही जुड्या दिसायला सारख्याच, किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. आमचं मूल वरणभाताला लागलं तेव्हापासून या फळीपुढे दर आठवड्याला आमचं वाजायचं. एकाचं म्हणणं, "पोराच्या तब्येतीपुढे चार रियाल काय मोठे?" दुसऱ्याचं म्हणणं, "पण ते चार रियाल नेमके कशाचे, ते तरी कळू दे!" त्यात आई जुन्नरहून आलेली. तिचं तिसरंच. "आमच्या लहानपणी सगळंच शेणखतावरचं होतं. तेव्हा कुणी पट्ट्या लावल्या होत्या?"

आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले. भांडण मिटत नसेल तर डेटा बघायचा ही आमची सवय. म्हणून काही महिने फावल्या वेळात जमेल तेवढं वाचून काढलं. आम्ही डॉक्टर नाही की शेतीतज्ज्ञही नाही, पण जे हाती लागलं ते मंडळाच्या सभासदांपुढे ठेवावंसं वाटलं, कारण ही फळी आपल्या सगळ्यांच्याच वाटेवर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ती हिरवी पट्टी भाजीबद्दल काहीच सांगत नाही! ती सांगते शेताबद्दल. रासायनिक खत घातलं नाही, कारखान्यात बनवलेली कीटकनाशके मारली नाहीत, आणि हे कुणीतरी कागदपत्रांवरून तपासलं, एवढाच तिचा अर्थ. भारतात यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे, अमेरिकेचा शिक्का २००२ पासून. 'काहीच फवारलं नाही' असाही तिचा अर्थ होत नाही. निंबोळी अर्क चालतो, तांब्याची काही बुरशीनाशकेसुद्धा चालतात. तेव्हा पट्टी बघून जीवनसत्त्वं मोजणं म्हणजे कंपनीचं आयएसओ प्रमाणपत्र बघून 'यांच्या प्रोग्रॅममध्ये बग नसणार' असं समजण्यासारखं आहे. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटेल.)

मग पद्धत बदलली की भाजी बदलते का? इथे शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. २००९ मध्ये लंडनच्या एका संस्थेने पन्नास वर्षांचं संशोधन चाळून सांगितलं की पोषणात म्हणण्यासारखा फरक नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानेही साधारण तेच सांगितलं. आणि २०१४ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने ३४३ शोधनिबंध एकत्र करून वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते सेंद्रिय पिकांत निरनिराळ्या प्रकारची अँटिऑक्सिडंट १८ ते ६९ टक्क्यांनी जास्त होती. आम्ही आधी गोंधळलो. मग लक्षात आलं की भांडण बरंचसं 'मोजायचं काय' याचं आहे. क जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह असली नेहमीची यादी घेतली तर फरक किरकोळ निघतो. वनस्पती स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये बनवते ती मोजली तर फरक दिसतो.

हा बचावाचा भाग आम्हाला फार आवडला. रोपाला युरियासारखं झटपट नत्र मिळालं की ते भराभर पानं काढतं, रुंदावतं. वाढीचीच घाई असल्यावर कडवट-तुरट संरक्षक द्रव्ये बनवायला ते कमी खर्च करतं. शेणखत-कंपोस्टातलं नत्र हळूहळू सुटतं, वर कीड रोपाला थोडीफार टोचत असते, मग रोप बचावाची तयारी जास्त करतं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठाने दहा वर्षं शेजारशेजारच्या वाफ्यांत टोमॅटो लावून पाहिले. २००७ मध्ये छापलेल्या निष्कर्षात सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन ७९ टक्के आणि केम्फेरॉल ९७ टक्के जास्त निघालं. त्यातही गंमत अशी, की हे प्रमाण वर्षागणिक चढत गेलं. जमिनीत सेंद्रिय द्रव्य साठत गेलं तसं. म्हणजे काल पट्टी लावलेलं शेत आणि दहा वर्षं शेणखत खाल्लेलं शेत, यांत फरक असणार. पट्टीवर ते लिहिलेलं नसतं.

आता मुख्य प्रश्न. हे जास्तीचं क्वेर्सेटिन पोटात गेल्याने माणूस जास्त निरोगी होतो का? इथे हात आखडता घ्यावा लागतो. २०१८ मध्ये फ्रान्सच्या ६८,९४६ लोकांच्या पाहणीत, सेंद्रिय अन्न सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. पण त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सव्वासहा लाख स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात काहीच घट दिसली नव्हती. शिवाय जो माणूस महागडी सेंद्रिय भाजी घेतो तो बहुधा व्यायामही करतो, सिगारेटही कमी ओढतो आणि त्याच्याकडे पैसाही बरा असतो. हिशेब करताना हे सगळं वजा करायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण वजा झालं असं छातीठोक म्हणता येत नाही.

इथवर आलो तेव्हा घरात 'बघ, मी म्हणत नव्हते?' सुरू झालं होतं. पण दुसरी बाजू राहिली होती. भाजीत काय जास्त आहे यापेक्षा काय कमी आहे, ही.

आमच्या काकांची जुन्नर तालुक्यात शेती आहे, मुख्य पीक टोमॅटो. लहानपणी सुट्टीत गेलो की विहिरीजवळच्या एका छोट्या वाफ्यातून वांगी, मेथी, टोमॅटो तोडून आणायला आम्हाला पाठवत. मोठ्या रानातलं का नाही, असं कधी विचारलं नाही. मोठेपणी विचारलं. काका सहज म्हणाले, "तो वाफा घरचा. त्याला औषध मारत नाही." शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या पुष्कळ वाचकांना असा 'घरचा वाफा' ठाऊक असेल. काकांना आम्ही नावं ठेवत नाही. बाजारात एक डाग असलेला टोमॅटो कुणी घेत नाही, तुम्ही-आम्हीही घेत नाही.

प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. भात-गव्हाला ते पाळणं सोपं, एकदाच कापणी. पण टोमॅटो, भेंडी, मिरची यांचा तोडा ऐन हंगामात दोन-चार दिवसांआड असतो. डब्यावर सात दिवस लिहिलेले असतील आणि माल परवा पिकणार असेल, तर शेतकऱ्याने काय करायचं? २०१४ साली सौदी अरेबियाने भारतातून येणाऱ्या हिरव्या मिरचीवर औषधांच्या अंशांमुळे बंदी घातली होती, ती आपल्याच या मिरचीवर.

आणि पट्टीचा खरा, सर्वांत कमी वादाचा फायदा इथे आहे. स्टॅनफर्डच्या त्याच २०१२ च्या आढाव्यात साध्या पद्धतीच्या ३८ टक्के नमुन्यांत औषधाचे अंश सापडले, सेंद्रिय नमुन्यांत ७ टक्के. कायद्याची मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांत मात्र दोन्हींत फारसा फरक नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठ्या माणसाला एवढ्या अंशांनी काही होत असेल-नसेल, लहान मूल आणि गर्भवती यांच्या बाबतीत जपलेलं बरं, असं आमचं मत झालं.

"पण आम्ही भाजी धुऊन घेतो ना!" ही आईची हरकत. धुवायलाच हवी, पण औषधं दोन तऱ्हेची. स्पर्शजन्य औषध सालीवर बसतं, ते बरंचसं धुतलं जातं. आंतरप्रवाही औषध रोपाच्या रसात शिरतं, ते नळाखाली जात नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांनी सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवली. सालीवरचं औषध जवळजवळ सगळं निघालं, पण त्यातल्या एका औषधाचा पाचवा हिस्सा आधीच आत मुरला होता.

या औषधांचा सर्वांत मोठा तडाखा मात्र खाणाऱ्याला बसत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. आरोग्याचा हिशेब मांडताना पाठीवर पंप घेतलेल्या त्या माणसाला बाहेर ठेवलं तर हिशेबच चुकतो, असं आम्हाला वाटतं.

उलट बाजूही आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूंच्या साथीत पन्नासहून जास्त माणसं गेली. त्याचा माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत, आणि ते मोड एका सेंद्रिय शेतावरचे होते. जंतू बहुधा बियाण्यातून आले. म्हणजे 'सेंद्रिय आहे, न धुता खा' हे खूळ नकोच.

आता आपल्या कतारकडे वळू. वर्षाला जेमतेम ऐंशी मिलिमीटर पाऊस, वाळू, आणि खारट होत चाललेलं भूजल. ५ जून २०१७ ला अबू सामराची सीमा बंद झाली त्या रात्री दुकानांत उडालेली झुंबड जुन्या सभासदांना आठवत असेल. आम्ही तेव्हा नुकतेच आलो होतो. चार दिवस कांदे-बटाट्यांवर काढले. २०२१ च्या जानेवारीत सीमा उघडली, पण तोवर इथल्या हरितगृहांनी चांगलाच जोर धरला होता. त्यात बऱ्याच ठिकाणी माती नसते, रोपं पाण्यातल्या क्षारांवर वाढतात. अशा भाजीवर औषध कमी मारावं लागतं, तरी युरोपच्या नियमाप्रमाणे ती सेंद्रिय नव्हे, कारण तिथे मातीच लागते. अमेरिकेत मात्र तिला सेंद्रिय शिक्का मिळू शकतो! तेव्हा कुठल्या देशाची पट्टी आहे, हेही बघावं लागतं.

पण आमचं मत पालटलं ते पट्टीमुळे नाही, तारखेमुळे. पालकातलं क जीवनसत्त्व तोडल्यापासून उतरायला लागतं. बाहेर उघड्यावर ठेवला तर आठवड्याभरात जवळजवळ सगळं संपतं, फ्रिजमध्येही बरंचसं जातं. विमानाने येऊन, गोदामात राहून, फळीवर चार दिवस बसलेला सेंद्रिय पालक आणि अल मझरूआच्या हिवाळी बाजारात आदल्या दिवशी तोडून आलेला साधा पालक, यांत क जीवनसत्त्वाच्या बाबतीत दुसराच जिंकण्याची शक्यता जास्त.

जातीचाही प्रश्न आहेच. २००४ मध्ये अमेरिकेत ४३ भाज्या-फळांचे १९५० आणि १९९९ चे आकडे ताडून पाहिले तेव्हा प्रथिनं, कॅल्शियम, लोह, क जीवनसत्त्व असे सहा घटक घटलेले दिसले. संशोधकांच्या मते कारण बहुधा भरघोस उत्पन्नाच्या नव्या जाती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे घरी वाल-घेवड्याची गावठी बियाणी जपत आल्या, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नातू भाजीतल्या औषधाने आजारी पडला म्हणून आपण या कामाला लागलो, असं त्या सांगतात.

तर आमच्या घरचा तह असा झाला. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. बटाटे त्यात धरत नाहीत, आणि आम्ही त्याच्या जवळपासही नव्हतो. महाग भाजी म्हणून कमी भाजी, हे बंद. नोव्हेंबर ते एप्रिल शुक्रवारी सकाळी मझरूआ. पोरासाठी पालेभाजी, मिरची आणि सालीसकट खायची फळं जमेल तेव्हा सेंद्रिय, कांदा, कोबी, मटार साधे. उन्हाळ्यात गोठवलेले मटार घ्यायलाही लाजत नाही, ते तोडल्यावर लगेच गोठवतात.

आईने जाताना गॅलरीत चार कुंड्यांत वाण्याकडचे मेथीदाणे पेरून दिले. मे महिन्यात सगळी मेथी करपली. नोव्हेंबरात पुन्हा पेरली, आता बोटभर आली आहे. पट्टी अजून लावलेली नाही.