बहुमताच्या गणितातलं नाट्य

डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा आहेत. बहुमताला ९० लागतात आणि गेल्या शंभराहून अधिक वर्षांत एकाही पक्षाला ते स्वबळावर मिळालेलं नाही. त्यामुळे तिथलं राजकारण म्हणजे बोलणी, तडजोडी, खातेवाटप आणि पुन्हा बोलणी. एवढ्या रुक्ष ऐवजातून तिथल्या डीआर या सार्वजनिक वाहिनीनं २०१० साली ‘बोर्गन’ ही मालिका काढली. राजकीय मालिका थोर कशानं होते, याचं उत्तर तिच्या पहिल्याच भागात मिळतं. पंतप्रधान हेसेलबो लंडनमध्ये बायकोच्या खरेदीचं बिल सरकारी कार्डावर भरतात. त्याची पावती मध्यममार्गी पक्षाच्या नेत्या बिर्गिट न्यूबोर्ग यांच्या माध्यम सल्लागाराच्या हाती लागते. असला चिखल मी उडवणार नाही, म्हणून त्या ती पावती नाकारतात. सल्लागार ती मजूर पक्षाच्या नेत्याला देतो, तो टीव्हीवरच्या चर्चेत ती फडकवतो आणि मतदार दोघांनाही विटतात. पंतप्रधानपद चालून येतं ते बिर्गिटकडे! हात स्वच्छ राहिले, पण फायदा झाला तो दुसऱ्यानं उडवलेल्या चिखलाचाच.

माझ्या मते कस लागतो तो इथे. निर्णयाची किंमत कोण मोजतं, हे मालिका दाखवते की नाही? बिर्गिटचा नवरा फिलिप घर सांभाळून तिला वाट करून देतो आणि पुढे स्वतः एका कंपनीचा प्रमुख होतो. त्या कंपनीचे हितसंबंध लढाऊ विमानांच्या सरकारी खरेदीत अडकलेले निघतात. पंतप्रधान म्हणून बिर्गिट त्याला राजीनामा द्यायला सांगते. निर्णय चोख आहे, नियमाला धरून आहे, आणि त्यापायी संसार मोडतो. यात खलनायक कोण, ते सांगता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रेक्षकाला कटकारस्थानच लागतं. अमेरिकन ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ उगाच का गाजली? गाजली खरी. पण तिचा नायक पत्रकार मुलीला मेट्रोखाली ढकलतो, तेव्हाच मालिका राजकारण सोडून गुन्हेगारी कथेत शिरते. खून करून प्रश्न सुटत असेल, तर मतं जमवायची कशाला? उलट बीबीसीच्या ‘येस मिनिस्टर’मध्ये रक्ताचा थेंब नाही, मंत्र्याची योजना त्याचे सचिव सर हम्फ्री नुसत्या टिपणीनं आणि समितीनं गारद करतात. सत्ता प्रत्यक्षात चालते ती अशी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डेन्मार्क छोटा, सुखवस्तू देश, आपल्याकडे हा सोज्वळपणा कसा चालायचा? पण बिर्गिट सोज्वळ राहतच नाही. २०२२ च्या पर्वात ग्रीनलंडच्या तेलाच्या प्रश्नावर खुर्ची टिकवण्यासाठी ती स्वतःचीच हवामानविषयक भूमिका गुंडाळून ठेवते. शिवाय असा ऐवज आपल्याला नवा नाही. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ चा. मुख्यमंत्र्याची खुर्ची, असंतुष्ट मंत्री, आमदारांची जुळवाजुळव एवढ्यावर तो उभा आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत १४५ चा आकडा जमवताना जे घडलं, पहाटेच्या शपथविधीसकट, त्यात बंदुकीची गरज कुणाला भासली होती? मराठी वाहिन्यांनी सासू-सुनांमधून सवड काढून तो महिना एकदा नीट लिहून घ्यावा.